दुसरी प्रत : कागदाच्या पेटीपासून संगणकाच्या दप्तरापर्यंत

आमच्या युनियनच्या कचेरीत लाकडी कपाटाखाली एक पत्र्याची पेटी असे. तिचा रंग केव्हाच उडाला होता आणि कुलपाची किल्ली कोणापाशी आहे हे दर दोन वर्षांनी नव्याने शोधावे लागे. तरीपण कामगारांची हजेरीची कार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, मालकांना दिलेल्या निवेदनांच्या सहीशिक्क्याच्या स्थळप्रती, असे सारे त्या पेटीत होते. आम्ही चळवळीत आलो तेव्हा वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी आम्हाला पहिला धडा दिला तो भाषणाचा नव्हे, या पेटीचा. कोणताही कागद मालकाकडे द्यावयाचा तर त्याच्या दोन प्रती करावयाच्या, एक द्यावयाची, दुसरीवर पोच घ्यावयाची आणि ती पेटीत टाकावयाची. घोषणा वाऱ्यावर जाते, पोच हातात राहते, असे ते म्हणत.

पुढे कचेरीत संगणक आला. पेटीच्या तळाला वाळवी लागली होती, म्हणून आम्ही चारपाच तरुणांना बसवून सारे कागद स्कॅन करून घेतले. संगणकात एक प्रत आणि बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कवर दुसरी प्रत, अशी व्यवस्था केली. ती डिस्क काढून ठेवली तर पुन्हा जोडावयाचे विसरेल, म्हणून ती रात्रंदिवस संगणकाला जोडलेलीच ठेवली. वाळवी लागलेले कागद रद्दीत घातले. आपण आता आधुनिक झालो, असे आम्हाला वाटले.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका रात्री जवळच वीज पडली. विजेच्या तारेतून आलेला झटका संगणकात शिरला आणि संगणकातून त्याला जोडलेल्या डिस्कमध्ये गेला. सकाळी दोन्ही निकामी. दुरुस्त करणाऱ्यांनी हात टेकले. त्याच सुमारास एक कारखाना कायमचा बंद झाला होता आणि त्यातील एकतीस कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे दावे उभे राहिले होते. त्या वेळी लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळावयाचा होता. म्हणजे नोकरीचे प्रत्येक वर्ष सिद्ध करणे आले. जुने दप्तर उपलब्ध नाही, असे मालकपक्षाने सांगितले. आमचेही नव्हते. काहींच्या घरी कागद निघाले, काहींना प्रॉव्हिडंट फंडाच्या नोंदींचा आधार मिळाला. सात जणांची वर्षे मात्र पुरती सिद्ध झाली नाहीत. लेथवर बावीस वर्षे काम केलेल्या एका कामगाराची चौदाच वर्षे मान्य झाली. त्याने आम्हाला एवढेच विचारले, “साहेब, तुमच्याकडे दोन प्रती होत्या ना?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही, म्हणून आम्ही वाचू लागलो. आमचे शिक्षण बेताचे. जे मिळविले ते वाचनालयाच्या बाकावर. पण वाचता वाचता एक गोष्ट स्पष्ट झाली. जगातील काही मोठी दप्तरे प्रत नव्हती म्हणून गेली, हे खरेच. परंतु पुष्कळशी दप्तरे प्रत असूनही गेली. प्रत असणे निराळे आणि प्रतीचा भरवसा असणे निराळे. हा भरवसा कशाने येतो, त्याचा इतिहास आज आपणापुढे मांडावयाचा आहे. हा विषय आता केवळ कचेऱ्यांचा राहिलेला नाही. लग्नाचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रे, घराची खरेदीखते, आईच्या आवाजातील चार वाक्ये, हे सारे आज घरोघरी संगणकात आणि मोबाइलमध्ये आहे. आणि बहुतेक ठिकाणी त्याची एकच प्रत आहे.

जुन्यांची तजवीज

प्रत राखण्याची विद्या संगणकाबरोबर जन्मली नाही. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, आज तुर्कस्तानात असलेल्या कानेश या गावी असीरियन व्यापाऱ्यांची पेढी होती. ते कर्जरोखा मातीच्या लहानशा पाटीवर लिहीत, तिच्यावर मातीचेच पाकीट चढवीत, आणि पाकिटावर तोच मजकूर पुन्हा लिहून साक्षीदारांच्या मुद्रा उठवीत. पुढे तंटा झाला तर पाकीट फोडून आतला मजकूर बाहेरच्याशी ताडता येई. म्हणजे दुसरी प्रत केवळ हरवल्यावर उपयोगी पडावी म्हणून नव्हती; पहिलीत कोणी फेरफार केला काय, हे सांगणारी ती साक्षीदार होती.

आपल्याकडे राजे लोक जमिनीची दाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत. ताडपत्राला कीड लागते, तांब्याला लागत नाही. जमीन पिढ्यान्‌पिढ्या चालावयाची, तेव्हा तिचा पुरावाही तितकाच टिकाऊ हवा, हा त्यातला हिशेब. ज्या काळापुरती वस्तू जपावयाची त्या काळापुरते साधन निवडावे, हा धडा त्या पत्र्यांनी घालून दिला आहे.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झाली. पुढील तीनशे वर्षांत तिच्या असंख्य नकला झाल्या आणि नकलेगणिक अपपाठ शिरत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांनी पोथ्या ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत तयार केली. नक्कल उतरली म्हणजे ती मुळाबरहुकूम उतरलीच असे नाही. ती कोणीतरी बसून ताडून पाहावी लागते. नाथांचे हे काम भक्तीचे होते यात शंका नाही, परंतु ते दप्तराच्या शिस्तीचेही होते.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तरल्या, ही कथा आपण सारे जाणतो. श्रद्धेचा भाग श्रद्धेपाशी ठेवू. व्यवहाराच्या बाजूने इतकेच म्हणता येते की जे अभंग लोकांच्या मुखी जाऊन बसले होते ते बुडविणे कोणत्याच डोहाच्या हाती नव्हते. महाभारताचेही तसेच. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. तिच्यासाठी १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली. ती निरनिराळ्या प्रांतांत, निरनिराळ्या लिप्यांत, एकमेकांची ओळखही नसलेल्या माणसांनी जपली होती. एकाच मठात एकच पोथी असती तर एका आगीत सारा ग्रंथ संपला असता. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून जुनी पत्रे खंडांमागून खंडांत छापली. छापणे म्हणजे तरी काय? शेकडो प्रती करून शेकडो घरी ठेवावयास देणे. जुन्यांनी संगणक पाहिला नव्हता. पण प्रत दूर हवी, अनेकांच्या हाती हवी, टिकाऊ साधनावर हवी आणि ताडून पाहिलेली हवी, ही चार कलमे त्यांना ठाऊक होती. यांतील एकेक कलम आपण विसरलो तेव्हा काय झाले, ते आता पाहू.

एका छपराखाली

पहिले कलम दूर ठेवण्याचे. १८९० साली अमेरिकेची जी शिरगणती झाली ती यंत्रयुगातील पहिली. हर्मन होलेरिथ याच्या भोके पाडलेल्या कार्डांनी सुमारे सव्वासहा कोटी माणसांचा हिशेब झाला. याच कार्डांच्या यंत्रातून पुढे संगणकाचा एक मोठा धंदा उभा राहिला. परंतु याच वेळी एक जुनी चाल मोडली. पूर्वीच्या शिरगणत्यांत माहितीच्या कागदांची प्रत स्थानिक कचेऱ्यांत राहत असे. १८९० साली ती तशी ठेवली गेली नाही. १० जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टन येथे ज्या इमारतीच्या तळघरात हे कागद होते तिला आग लागली. काही जळले, बाकीचे बंबाच्या पाण्याने भिजले, आणि १९३० नंतरच्या दशकात उरलेले बहुतेक कागद सरकारी संमतीनेच नष्ट करण्यात आले. सव्वासहा कोटींपैकी जेमतेम सहा हजार माणसांच्या नोंदी आज शिल्लक आहेत. एकूण आकडे राहिले, माणसे गेली.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील किती घरांचे दप्तर चिखलात गेले, हे त्या पिढीच्या तोंडून आपण ऐकले आहे. बरोबर बारा वर्षांनी, त्याच तारखेला, १२ जुलै १९७३ रोजी, अमेरिकेतील सेंट लुई शहरात सैनिकांच्या नोकरीच्या दप्तराला आग लागली. ती विझावयास चार दिवस लागले. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख माणसांच्या फाइली जळाल्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती, सूक्ष्मपटावर चित्रेही घेतलेली नव्हती. दोन महायुद्धांत लढलेल्या माणसांना आपण लढलो होतो हे सिद्ध करण्याची पाळी आली. त्यानंतर तेथील कारकुनांनी काय केले? पगाराची बिले, इतर खात्यांकडचे कागद, जे जे मिळेल ते जोडून एकेका माणसाची नोकरी पुन्हा उभी केली. हे वाचताना आम्हाला आमचे एकतीस कामगार आठवले. देश निराळा, वर्दी निराळी. कागद नाहीसा झाला की श्रम केलेल्या माणसालाच आपल्या श्रमाची साक्ष काढावी लागते, हा न्याय सर्वत्र सारखाच.

हे जुने झाले म्हणावे, तर अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरी सरकारी संगणककेंद्राला आग लागली. सरकारी नोकरांनी आपापले कामाचे कागद ठेवावेत म्हणून जे सामाईक कोठार तेथे होते, ते ८५८ टेराबाइट मजकुरासह नष्ट झाले. एक टेराबाइट म्हणजे हजार गिगाबाइट. एवढ्या मोठ्या कोठाराची बाहेर प्रत ठेवली गेली नव्हती, आणि कारण सांगण्यात आले ते हे की कोठार फार मोठे होते! ज्याची प्रत करणे जड जाते तेच गमावणे सर्वांत जड जाते, ही साधी गोष्ट संगणकविद्येत अग्रेसर असलेल्या देशालाही चुकली.

आपल्या मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरील संगणक पाण्यात गेला तेव्हा त्याच टेबलाच्या खणातील सीडीही पाण्यातच गेल्या. आग, पूर आणि चोर हे मूळ प्रत कोणती व नक्कल कोणती हे विचारीत नाहीत.

एका तारेवर

दुसरे कलम अनेक हातांचे. आमच्या दोन प्रती एका छपराखाली तर होत्याच, शिवाय त्या एका तारेवर होत्या. एकीला झालेले दुखणे दुसरीला त्याच क्षणी झाले. आजकाल हे फार वेळा, आणि वीज न पडताही, घडते. मोबाइलमधले फोटो आपोआप दूरच्या संगणकावर जातात, त्याला बोलीभाषेत ‘सिंक’ म्हणतात. लोक यालाच बॅकअप समजतात. वस्तुतः सिंक म्हणजे आरसा. इकडे आपण फोटो पुसला की तिकडचाही पुसला जातो. आरशात आपले तोंड दिसते म्हणून कोणी आरशाला आपले दुसरे तोंड म्हणत नाही. बॅकअप म्हणजे कालची प्रत आज बिघाड झाला तरी कालच्यासारखीच राहणे.

या एका तारेचा फायदा घेणारे लोकही निघाले. १९८९ च्या डिसेंबरात एड्स रोगाची माहिती देणाऱ्या म्हणून सुमारे वीस हजार फ्लॉपी टपालाने निरनिराळ्या देशांत धाडण्यात आल्या. त्या संगणकात घातल्या की काही दिवसांनी फाइलींची नावे कुलूपबंद होत आणि खंडणीची मागणी पडद्यावर येई. हाच धंदा पुढे वाढला. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवाने दीडशेहून अधिक देशांतील संगणक बंद पाडले. इंग्लंडातील इस्पितळांना रोगी परत पाठवावे लागले. अशा प्रसंगी संगणकाला जोडलेली नक्कलही मुळाबरोबरच कुलूपबंद होऊ शकते. कपाटात सुटी पडलेली डिस्क तेवढी वाचते.

मोठमोठ्या कंपन्यांनाही हे पथ्य पाळावे लागते. २०११ च्या फेब्रुवारीअखेर गूगल कंपनीच्या एका प्रणालीत दोष शिरला आणि जीमेल वापरणाऱ्यांपैकी ०.०२ टक्के लोकांच्या पेट्या रिकाम्या दिसू लागल्या. त्या पत्रांच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी होत्या; पण दोष अनेक प्रतींत एकदमच पोचला. शेवटी पत्रे परत आणली गेली ती चुंबकीय फितीवरून. १९५१ साली युनिव्हॅक नावाच्या संगणकाबरोबर बाजारात आलेले हे साधन साठ वर्षांनी उपयोगी पडले, याचे कारण ती फीत तारेला जोडलेली नव्हती. आमची पत्र्याची पेटीही तारेला जोडलेली नव्हती.

न उघडलेली पेटी

तिसरे कलम ताडून पाहण्याचे, आणि हे सर्वांत अधिक विसरले जाते. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना कोणाच्या तरी हातून चुकीची आज्ञा दिली गेली आणि चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप आहे म्हणून प्रथम कोणी घाबरले नाही. पण बॅकअप उघडून पाहतात तो तो नीट उतरतच नव्हता. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेने नुकतेच मूल झाल्यामुळे घरून काम करण्यासाठी एक प्रत घरच्या संगणकावर नेली होती. तो संगणक मोटारीतून जपून आणण्यात आला आणि चित्रपट वाचला. कोट्यवधींच्या यंत्रणेपेक्षा एका बाळंतिणीच्या घरची प्रत खरी ठरली!

आमच्याकडेही असेच एक घर निघाले. त्या एकतीस जणांपैकी एकाच्या मुलीने वडिलांची कार्डे कसल्याशा अर्जासाठी कचेरीतून पेनड्राइव्हवर उतरवून नेली होती. आम्ही ते विसरलोही होतो. तिच्या वडिलांची सगळी वर्षे मान्य झाली. आम्ही प्रत्येकाला त्याचे कागद असेच घरी दिले असते तर आज हा निबंध लिहावा लागला नसता.

२०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅब या संगणकव्यवसायातील कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाने भलत्याच यंत्रावरची माहिती पुसली. कंपनीपाशी प्रती राखण्याच्या पाच पद्धती होत्या. प्रसंग आला तेव्हा त्यांतील एकही कामी येईना. एक तर कित्येक दिवस रिकामीच प्रत काढीत होती, आणि तशी सूचना देणारी पत्रेही पोचत नव्हती. योगायोगाने कोणीतरी सहा तासांपूर्वी हाताने काढलेली प्रत सापडली म्हणून मधल्या सहा तासांचेच काम गेले. कंपनीने हे झाकले नाही, सारे जाहीर केले, म्हणून तुम्हाआम्हाला ते शिकता येते. पेटी आहे, तिला कुलूप आहे, पण आत काय आहे ते वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नाही, अशी पेटी म्हणजे नुसता पत्रा.

वाचता न येणारी प्रत

चौथे कलम साधनाच्या आयुष्याचे. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली डिस्कयंत्रणा काढली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन सुमारे एक टन, आणि त्यात मावणारी अक्षरे पन्नास लाख. पुढे १९७१ साली आठ इंची फ्लॉपी आली, मग सव्वापाच इंची, मग साडेतीन इंची. मग सीडी, मग २००० च्या सुमारास पेनड्राइव्ह. दर वेळी आपण म्हटले, आता कायमची सोय झाली. आज साडेतीन इंची फ्लॉपी हाती आली तर ती घालावयास खाच कोणत्या घरी आहे?

इंग्लंडात १०८६ साली विल्यम राजाने जमिनींची मोजदाद करून ‘डूम्सडे बुक’ सिद्ध केले. १९८६ साली त्याच्या नवशेव्या वर्षानिमित्त बीबीसीने लोकांकडून माहिती व छायाचित्रे मिळवून नवे डूम्सडे लेसरच्या तबकड्यांवर काढले. पंधरासोळा वर्षांत ते वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि त्यातील मजकूर सोडविण्यासाठी २००२ च्या सुमारास संशोधकांना खास खटपट करावी लागली. चामड्यावरचे नवशे वर्षांचे पुस्तक मात्र जाणकाराला आजही वाचता येते.

आपल्या मराठीला याचा निराळाच चटका बसला आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे, परंतु आपल्या कचेऱ्यांत कित्येक वर्षे निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे फॉन्ट चालत. त्या काळची आमची पत्रके आज उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा गोंधळ दिसतो. फाइल शाबूत आहे, मजकूर मात्र मुका आहे. म्हणून जपून ठेवावयाचा मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा, आणि जोडीला पीडीएफ प्रत असावी.

मग निवड कशी करावी?

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने या शतकाच्या पहिल्या दशकात एक सोपे सूत्र सांगितले, ते आता जगभर चालते : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. आमच्या अनुभवाची दोन कलमे आम्ही त्याला जोडतो : एक प्रत तारेपासून सुटी, आणि प्रत्येक प्रत उघडून पाहिलेली.

साध्या घराला हे कसे साधेल? पहिली प्रत संगणकात आहेच. दुसरीसाठी बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क घ्यावी. महिन्यातून एकदा ती जोडावी, प्रत उतरवावी आणि लगेच काढून कपाटात ठेवावी. ती चाकावर फिरणारी वस्तू आहे, कधी ना कधी बंद पडणारच. म्हणून चारपाच वर्षांनी ती सुस्थितीत असतानाच नवी घेऊन सारे तिच्यावर न्यावे. पेनड्राइव्ह हा निरोप्या आहे, खजिनदार नव्हे. कागद नेण्याआणण्यास उत्तम, जपण्यास नव्हे. नव्या जातीच्या एसएसडी डिस्का वेगवान खऱ्या, पण वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात टाकून ठेवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंग उन्हाने आणि दमट हवेने बिघडतो. जुन्या सीडी असतील तर त्या वाचता येताहेत तोवर उतरवून घ्याव्यात.

तिसरी प्रत दूर हवी. तिला दोन वाटा. एक म्हणजे दुसरी डिस्क घेऊन ती दुसऱ्या गावच्या बहिणीकडे वा भावाकडे ठेवणे आणि सणावारी अदलाबदल करणे. दुसरी वाट क्लाउडची, म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकावर भाड्याने जागा घेण्याची. ही वाट सोयीची आहे. जुन्या आवृत्त्या राखणारी आणि पुसलेली फाइल काही काळ परत देणारी सेवा पाहून घ्यावी. परंतु तेवढ्यावरच भिस्त ठेवू नये. मायस्पेस या एके काळच्या मोठ्या संकेतस्थळाने २०१९ साली कबूल केले की यंत्रे बदलताना लोकांनी २०१५ पर्यंत ठेवलेली गाणी गेली. परक्याच्या वाड्यात ठेवलेला ठेवा म्हणजे ठेवाच. मालकी आपली असली तरी दार त्यांचे.

किल्लीचा विचारही करावा लागतो. खाजगी कागद दुसऱ्याच्या घरी ठेवावयाचे तर डिस्कला पासवर्डचे कुलूप हवे. पण तो पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात असेल तर त्या माणसाबरोबर सारे दप्तर जाते. तो कागदावर लिहून पाकिटात घालून घरातील विश्वासू माणसापाशी द्यावा. आणि कायद्याच्या कामाचे मूळ कागद स्कॅन झाले म्हणून रद्दीत घालू नयेत. हे आम्ही सांगतो, कारण आम्ही घातले होते.

सगळेच जपणे कोणाला शक्य नाही, आणि आवश्यकही नाही. जे पुन्हा मिळू शकते ते जाऊ द्यावे. बाजारात मिळणारी गाणी आणि चित्रपट जपण्यात डिस्क भरून टाकू नये. जे पुन्हा निर्माण होऊ शकत नाही त्याची यादी आधी करावी. ती बहुधा एका पानात मावते.

आज आमच्या कचेरीत तीन प्रती आहेत : एक संगणकात, एक सुट्या डिस्कवर एका कार्यकर्त्याच्या घरी, एक क्लाउडवर. शिवाय प्रत्येक सभासदाला त्याचे कागद पेनड्राइव्हवर आणि छापून दिले जातात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सभासदांच्या क्रमांकांतून चिठ्ठी काढतो. ज्याचा क्रमांक निघेल त्याचे कार्ड सुट्या डिस्कवरून परत आणून पडद्यावर उघडतो, आणि तो स्वतः ते वाचून वहीत सही करतो. दहा मिनिटांचे काम आहे. पहिल्या तीन महिन्यांतच एकदा कार्ड उघडले नाही. प्रत अर्धवट उतरली होती. त्या दिवशी ते कळले म्हणून दुरुस्त झाले. दाव्याच्या दिवशी कळले असते तर पुन्हा कोणाची तरी वर्षे गेली असती.

लेथवरच्या त्या कामगाराची आठ वर्षे आम्ही परत देऊ शकलो नाही. तो अजून कचेरीत येतो, चहा घेतो, आणि पहिल्या रविवारी चिठ्ठी काढावयाचे काम त्याने आपण होऊन अंगावर घेतले आहे. श्रोतेहो, आपणापाशी मागणे एवढेच : आज घरी गेल्यावर नवी डिस्क विकत घेण्याची घाई करू नका. आधी आहे त्या प्रतीतून एक फाइल, कोणतीही एक, परत आणून उघडून पाहा. उघडली तर आपणापाशी दुसरी प्रत आहे. न उघडली तर तिची गरज लागण्याआधीच ते आपल्याला कळले, हेही थोडे नव्हे.